मिग विमानाच्या मॉडेलचं पाच महिन्यांत नुसतं कॉकपिट झालं, गाडी जागेवरच. तुम्ही लोक मॉडेलला वेळ कधी काढता?

वाळूज_क्यूसी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून नुसता वाचायलोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला सिडकोत. आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट असली की पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सेकंड असली की बसनं घरी पोचेपर्यंत रात्रीचा एक. पोरगी चार वर्षांची. आईवडील गावी, गंगापूरकडं, वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं सुट्टीचा निम्मा दिवस तिकडंच, आणि कापूस वेचणीला आला की मग विचारूच नका.

तर झालं असं की २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला ना, तो कार्यक्रम मी कॅन्टीनमधे मोबाईलवर बघितला. १९६३ ला हवाई दलात आलेलं विमान हो, बासष्ट वर्षं नोकरी, आपल्याला अठ्ठावन्नला घरी बसवतात. तीन वर्षांपूर्वी घेऊन कपाटावर ठेवलेला मिगचा किट (प्लास्टिकचे सुटे भाग चिटकवून करायचं मॉडेल) त्याच रात्री खाली काढला. १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, पूर्ण विमान जेमतेम वीस सेंटिमीटर, पोळपाटावर आरामात मावतं. म्हटलं दिवाळीपर्यंत काम तमाम.

आता फेब्रुवारी संपत आला. झालंय काय तर फक्त कॉकपिट. ते मात्र जीव लावून केलंय, सीटचे पट्टे मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापून केले, चिमट्यानं चिटकवताना श्वास सुद्धा रोखून धरत होतो. मिगच्या कॉकपिटला तो एक निळसर हिरवा रंग असतो बघा, आपल्या जुन्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीला असायचा तसला. तो घरीच मिसळून बनवला, सीटमागचा भाग आणि फरशी रंगवली, तेवढ्यात कंपनीत ऑडिट लागलं. तीन आठवड्यांनी बाजूच्या भिंती रंगवायला बसलो तर उरलेला रंग वाळून खडखडीत. परत बनवला तर शेड वेगळीच, मग पहिलं झालेलं पण सगळं परत रंगवलं. म्हणजे महिन्यात एक पाऊल पुढं आणि एक मागं.

रोज ठरवतो आज बसायचंच. पण जेवणं होऊन पोरगी झोपेपर्यंत साडेदहा, मग डबा काढा, मॅट अंथरा, दिवा लावा, रंगाच्या बाटल्या हलवा, आणि हे सगळं परत आवरायचं पण कारण सकाळी त्याच टेबलावर पोरीचं दूध-पोळी असतं. म्हणून मग मोबाईल घेऊन दुसऱ्यांचे मिग बघत पडतो आणि तसाच झोपतो. बायको कधी काही बोलत नाही पण परवा सहज म्हणली, "अजून तेच विमान का?" लागलं ते.

तुम्ही नोकरी-घर-शेती सांभाळून कसं करता ते सांगा. फक्त पहाटे चारला उठा असलं सांगू नका, हात जोडतो.



मास्तर_परभणी

भाऊ, तुपली अडचण वेळेची नाहीच, मांडण्याआवरण्याची आहे. तूच लिहिलंय की शेवटी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. लोकांना वाटतं मास्तरला सुट्ट्याच सुट्ट्या, पण मतदार यादीचं बीएलओचं काम, ऑनलाईन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, घरी आल्यावर पण ग्रुपवर "तात्काळ" लिहिलेले मेसेज पडतच राहतात. घर दोन खोल्यांचं, टेबल नावाची वस्तूच नाही. एकदा मी मोबाईलमधे घड्याळ लावून बघितलं. सामान काढून मांडायला पंधरा मिनिटं, आवरायला दहा, आणि खरं काम किती तर तेरा मिनिटं! त्या तेरा मिनिटांसाठी कोण उठतंय रोज?

मग लग्नात आलेला एक मोठा स्टीलचा ट्रे होता, पाहुणे आले की चहाला निघायचा, तो ढापला. त्यात एफोर साईजची कटिंग मॅट बरोबर बसते. मॅटवर चालू असलेलं काम, एका कडेला चिमटा, अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड (मेडिकलमधे मिळतं, छंदाच्या दुकानातल्या ब्लेडपेक्षा लई स्वस्त), ४००-६००-१००० च्या वॉटर पेपरच्या (घासायच्या कागदाच्या) कापलेल्या पट्ट्या आणि प्लास्टिक चिटकवायच्या पातळ सिमेंटची ती हिरव्या झाकणाची बाटली एका वाटीत घट्ट खोचलेली. ती बाटली लवंडली की खेळ खलास, एकदा आख्खा पंख विरघळलाय मपला. वरून बुटाचा मोठा खोका उपडा घालायचा आणि ट्रे फ्रिजवर. काढला की काम सुरू. खाली ठेवला की आवरलं. तुझ्या घरात लहान लेकरू आहे म्हणून तू ब्लेड आणि थिनर मात्र ट्रेमधे ठेवू नको, ते कुलपात.

दुसरं म्हणजे चिठ्ठी. उठताना पुढचं काम एका कागदावर लिहून ट्रेमधेच टाकायचं. "पंख करणे" असलं लिहायचं नाही, त्यानं काय कळत नाही. "डावा पंख, खालची बाजू, गेटचा डाग ६०० नं घासणे" असं लिहायचं (गेट म्हणजे पार्ट चौकटीला जिथं जोडलेला असतो ती जागा). चार दिवसांनी बसलास तरी विचार करायला लागत नाही, हात आपोआप चालू होतो.

आणि कामाचे दोन ढीग कर. डोकं लागणारं आणि न लागणारं. स्प्रूवरनं, म्हणजे त्या चौकटीवरनं, पार्ट कापणं, साच्याच्या रेघा ब्लेडच्या पाठीनं खरवडणं, घासणं, हे मी ऑनलाईन ट्रेनिंगचा व्हिडिओ चालू ठेवून करतो (वरिष्ठांपैकी कोणी वाचत असेल तर हे मी लिहिलेलं नाही). कॅनॉपीचं (कॉकपिटवरच्या काचेचं) मास्किंग, डेकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं), हे डोकं ताजं असेल त्या दिवशीच. थकलेल्या डोक्यानं डेकल लावायला गेलं की तिरंगा उलटा लागतो. लावलाय.

रंगाचं म्हणशील तर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या आण. मिसळलेला रंग त्यात भर आणि बाहेर टेपवर लिही, निळा ५ हिरवा ३ पांढरा २ थेंब. महिन्यानं पण तोच रंग निघतो.

अजून एक. तुकड्या-तुकड्यानं वेळ मिळणं हे या छंदात एवढं काही वाईट नाही. इनॅमल रंगाला रात्रभर वाळायला द्यावंच लागतं, पुट्टीला पण. ज्याला आख्खा रविवार मोकळा असतो तो दम न धरता ओल्यावर बोट लावतो आणि ठसा उमटवून बसतो. आपल्याला काय, दोन दिवस तिकडं बघायलाच होत नाही, तोवर मस्त कडक वाळलेलं असतं!



गोदाकाठ_एअरब्रश (नांदेड)

मास्तरचं सगळं मान्य पण ते ब्रशनं रंगवणाऱ्यांसाठी. ज्याच्याकडं एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं पेन) आहे त्यानं वीस-पंचवीस मिनिटांत काय करायचं? ०.३ ची सुई, जरा रंग आत वाळला की अडकली. रंग पातळ करून बरोबर फवारा येईपर्यंत दहा मिनिटं आणि नंतर खोलून साफ करायला वीस. फवारणी स्वतः पाच मिनिटांची. वीस मिनिटवाल्यानं एअरब्रशच्या नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत.

मी औषध कंपनीत एमआर आहे. आज हिंगोली, उद्या देगलूर, परवा किनवट. आठवड्याभरात मला रोज असं काहीच मिळत नाही, मोटरसायकलवरून उतरलो की पाठ लागते. म्हणून मी वेगळं करायलो. महिन्यातून एक रात्र, बस. पण त्या रात्रीची तयारी महिनाभर. आपल्या घरी वाळवणं कशी करतात? रोज एक पापड लाटतं का कोणी? उडीद आणून ठेवायचे, पीठ दळायचं, शेजारणींना सांगून ठेवायचं, आणि मग एका दिवशी दोनशे पापड. तसंच. मी तीन किट एकदम चालवतो, तिन्ही चिटकवून-घासून प्रायमरला तयार झाली की मगच कंप्रेसर काढायचा, आणि एकाच रात्री तिन्हीला प्रायमर, पुढच्या महिन्यात तिन्हीला बेस रंग. सफाई एकदाच.

उन्हाळ्यात मात्र इकडं एप्रिल-मे मधे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो, फवारा थुंकल्यासारखा येतो. तेव्हा रंग उशिरा वाळावा म्हणून रिटार्डरचे थेंब टाका, नाहीतर पहाटे गार असताना बसा. (चारला उठायचं नाही म्हणालात, पाचला उठा मग.) पंखा बंद ठेवा, पंख्यानं धूळ बसते. आणि कंप्रेसर टाकीवाला घ्या, आमच्याकडं ऐन फवारणीत लाईट गेली होती आणि टाकीतल्या हवेवर उरलेला अर्धा पंख झाला, नाहीतर मधोमध रेघ आली असती.

ता.क. नवीन किट घेणं बंद करा. घेतलेला किट म्हणजे घातलेला वेळ असं आपल्याला वाटत राहतं. माझ्याकडं एकोणतीस पेट्या आहेत आणि बायकोला अकरा माहिती आहेत.



वाळूज_क्यूसी

एकोणतीस!! माझ्याकडं चारच आहेत, लगेच बरं वाटलं.

मास्तर, ट्रेचं डोक्यात पण आलं नव्हतं. एअरब्रश नाही माझ्याकडं, घ्यायचा विचार होता, आता थांबतो.



नळदुर्ग_३५

मी जरा वेगळं विचारते, राग मानू नका.

"बायको काही बोलत नाही" असं लिहिलंय तुम्ही. तिला स्वतःचा म्हणून आठवड्यात किती वेळ मिळतो ते कधी घड्याळ लावून बघितलंय का, मास्तरांनी बघितलं तसं?

हे मी विचारायचं कारण, मी पण हाच छंद करते आणि मी बाई आहे. बँकेत क्लार्क, दोन मुलं, सासूबाई. इथं सगळे "बायको झोपली की", "बायकोला कळलं तर" असं लिहितात. मला रात्री अकराला ट्रे घेऊन बसलेलं बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "भांडी झाली का?" पुरुषाला हे कोणी विचारत नाही. सुरुवातीला मी लपून करायचे आणि लपून केलेल्या कामात मन लागत नाही, कान दाराकडं असतात, त्यामुळं हात घसरतो. शेवटी मीच नवऱ्याशी सरळ बोलले. बुधवार संध्याकाळी साडेसात ते नऊ माझे. स्वयंपाक तो करतो, खिचडीच करतो, पण करतो. रविवारी सकाळी त्याचं क्रिकेट, तेव्हा मी काही म्हणत नाही. दीड तासच आहे, पण तो *माझा* आहे, त्यात कुणाची परवानगी मागावी लागत नाही की मनाला टोचत नाही. तुमचा वेळ जातोय तो निम्मा त्या टोचणीतच जात असणार असं मला तुमचं वाचून वाटलं.

आता मॉडेलचं. माझं माहेर नळदुर्गचं. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून आलेल्या फौजेनं पहिल्याच दिवशी बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि मग रणगाडे पुढं जळकोटकडं गेले. आमच्या आजीनं रणगाड्यांचा आवाज ऐकलेला, ती म्हणायची जात्यात दगड अडकल्यासारखा. तर मला त्या पुलावरचा शर्मन रणगाडा करायचा होता, १/३५ मधे. आधी ठरवलं किल्ला पण करायचा, पाणीमहाल पण करायचा. हिशोब केला तर हॉलमधे फक्त किल्लाच राहिला असता, आम्ही गॅलरीत! मग कमी कमी करत शेवटी पुलाचा कठडा, दीड फूट रस्ता आणि एकच शर्मन. सतरा सेंटिमीटरचा रणगाडा आणि शेजारी पाच सेंटिमीटरचा एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं, बघत उभा. कठडा टीव्हीच्या पेटीतल्या थर्माकोलचा, दगडाचे सांधे बॉलपेनच्या बंद पडलेल्या रिफिलनं दाबून काढले. थर्माकोलला आधी फेव्हिकॉलचा हात द्या, थिनरवाला रंग डायरेक्ट लावलात तर तो खातो.

आणि पूर्ण कधी झालं? महालक्ष्म्या बसायच्या आदल्या रात्री. कारण नवरा सगळ्या पाहुण्यांना सांगून बसला होता की यंदा आरास म्हणून नळदुर्गचा पूल आहे. महालक्ष्म्यांची तारीख काही माझ्यासाठी पुढं सरकणार नव्हती. नऊ महिने रेंगाळलेलं काम शेवटच्या पंधरा दिवसांत झालं. रणगाड्याच्या पट्ट्याला लावलेला चिखल अजून ओला होता, एका काकूंनी हळदीकुंकू लावताना त्यावर पण बोट टेकवलं. ते कुंकू अजून आहे, मी पुसलं नाही.



बार्शीलाईट_७६२ (लातूर)

सगळ्यांचं वाचलं. मी वयानं इथं बहुतेक सगळ्यात मोठा, अडुसष्ट.

आमची पिढी म्हणायची रिटायर झालो की बघू. मी पण तेच म्हणत होतो. पाटबंधारे खात्यात होतो, ड्रॉईंग हातानं काढायचो, कागद-पुठ्ठ्याचा हात चांगला होता. नोकरीत असताना ठरवलं होतं की रिटायर झालो की बार्शी लाईट या छोट्या रेल्वेची आख्खी गाडी करायची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती गाडी पाहिली नसेल. १८९७ ला बार्शी रोड (आत्ताचं कुर्डुवाडी) ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरला आली, पुढं १९२७ ला तिकडं मिरजेपर्यंत पोचली. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. आम्ही लहानपणी लातूरहून पंढरपूरला जायचो तिनं, कुर्डुवाडीवरनं, चढाला गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. मोठी माणसं ओरडायची, पण हसत ओरडायची.

तर रिटायर झालो. पहिलं वर्ष गेलं घर बांधण्यात. दुसरं मुलीच्या लग्नात. मग नातू, त्याला शाळेत सोडणं-आणणं, लाईटबिल, बँक, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की "तात्या मोकळेच आहेत." मोकळ्या माणसाला सगळं गाव कामं सांगतं हे मला नोकरीत कधी कळलं नाही. आणि वेळ मिळाला तेव्हा डोळे गेले. मोतीबिंदू. १/८७ मधे बार्शीचा रूळ ७६२ भागिले ८७, पावणेनऊ मिलिमीटर येतो, त्यामुळं बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ जवळपास बरोबर बसतो, हे गणित मी पंचेचाळिसाव्या वर्षी डायरीत लिहून ठेवलेलं. प्रत्यक्ष स्लीपर चिटकवायला बसलो साठाव्या वर्षी, तर मला दोन रूळ चार दिसायले.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता बरं दिसतं. दिव्याचं भिंग घेतलंय, गोल ट्यूबचं. आठ वर्षांत एक इंजिन आणि तीन डबे झालेत. इंजिन ते पहिलं, लीड्सच्या किटसन कंपनीचं, आठ चाकं जोडलेली आणि मागं चार छोटी. ही लाईन उभी करणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबानं हलक्या रुळावर जास्त माल ओढायला वजन असं वाटून दिलं होतं, कुठल्याच आसावर पाच टनाच्या वर भार नाही. ती जोडदांडी मी पत्रिकेच्या जाड कागदाचे तीन थर चिटकवून केली. चाकाची आरी एक-एक कापायला लागायची, दिवसाला एक चाक, त्याच्यापुढं मान धरायची. बारा चाकांना दोन महिने, कारण मधे येळवस (वेळ अमावस्या) आली, आजारपण आलं.

मी कधी करतो म्हणाल तर दुपारी, नातू शाळेत गेला की. खोलीचा पडदा ओढून भिंगाचा दिवा लावून बसतो. बायको दारातनं विचारते, "काय करूलालाव तिकडं अंधारात?" मी म्हणतो, चाक. ती म्हणते, कालचंच का? म्हणजे वाळूजकर, तुमच्याकडं विमान, आमच्याकडं चाक, प्रश्न तोच आहे.

डोळे आहेत तोवर बारीक कामं उरकून घ्या. कॉकपिट, सीटचे पट्टे, चाकं, हे आता. रंग, डबे, देखावा हे म्हातारपणी पण होतं. माझं नेमकं उलटं झालं.



वाळूज_क्यूसी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. तात्या तुमचं वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरंच.

आधी चांगलं सांगतो. ट्रे केला. माझा स्टीलचा नाही, कंपनीत पार्ट यायचे त्या काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमधला एक भंगारात चालला होता, सुपरवायझरला विचारून आणला. वर पोरीचा खेळण्याचा खोका उपडा. आता कपाटावरनं काढला की काम चालू. सेकंड शिफ्टला असलो की सकाळी पोरगी शाळेत गेल्यावर अर्धा तास, फर्स्टला असलो की काहीच नाही, आता त्याचं वाईट वाटून घेत नाही. हिशोब केला, तीन आठवड्यांत चार तास दहा मिनिटं झाली. त्याआधीच्या पाच महिन्यांत सगळे मिळून एवढेच झाले असतील. विमानाचे दोन्ही भाग कॉकपिट आत ठेवून बंद केले, पंख लावले. नाकाच्या शंकूत वजन टाकायचं असतं नाहीतर विमान शेपटीवर बसतं, तिथं मी वडलांच्या जुन्या मासे धरायच्या जाळ्याचे शिसे टाकले दोन.

आता नळदुर्ग ताई, तुमचं. विचारलं बायकोला. लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणली, मला शनिवारी दुपारी दोन तास पाहिजेत आणि त्या दोन तासांत मला "ते कुठंय" असं एकदा पण विचारायचं नाही. काय करणार विचारलं तर म्हणली झोपणार. पहिल्या शनिवारी मी तिला चार वेळा विचारलं. (तिखटाचा डबा, पोरीचे मोजे, गॅसचं पुस्तक, आणि चौथं आठवत नाही.) दुसऱ्या शनिवारी एकदाच.

आता वाईट. कॅनॉपीची काच बसेना, घाईत कंपनीत निघायच्या आधी इन्स्टंट ग्लूचा एक थेंब लावला आणि सोडून गेलो. रात्री एकला येऊन बघतो तर काच आतनं पांढरीफटक, हिवाळ्यात बसच्या काचेवर वाफ धरते तशी. आतलं कॉकपिट, ते पट्टे, तो सरकारी दवाखान्याचा रंग, काहीच दिसेना. दोनदा रंगवलेलं! गेलं का हे?



मास्तर_परभणी

गेलं नाही, थांब. इन्स्टंट ग्लूची वाफ काचेवर बसते म्हणून पांढरं होतं. वरवर थर असतो तो. काच हळूच उपटून काढ, ब्लेड शिवेत घालून, जोर लावू नको, काच तडकते. मग २००० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आतनं अलगद, आणि मग पांढरी टूथपेस्ट सुती कापडावर घेऊन गोल गोल घास, जेल टूथपेस्ट चालत नाही. वेळ लागतो. पण हे बिनडोक काम आहे, टीव्हीसमोर बसून कर.

परत लावताना साधा पांढरा फेव्हिकॉल, काडीच्या टोकानं. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या बोळ्यानं पुसता येतो. काचेला दुसरं काही लावायचंच नाही.



गोदाकाठ_एअरब्रश

टूथपेस्टनं घासताना बोटाच्या दाबानं काच वाकू देऊ नका, खाली पेन्सिलचा मागचा रबर धरा.

आणि डेकलच्या वेळी बोअरचं पाणी वापरू नका, तिकडं पण आमच्यासारखंच जड असणार. वाळलं की पंखावर पांढरे क्षार दिसतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

बत्तीस झाल्या पेट्या. काही बोलू नका.



नळदुर्ग_३५

चौथं काय विचारलं होतं ते बायकोला विचारा, तिला नक्की आठवत असेल.



वाळूज_क्यूसी

विचारलं. "माझा चिमटा कुठंय" असं विचारलं होतं म्हणे.

काच निघाली, तडकली नाही. अर्धी घासून झालीय, आत सीटचा डावा पट्टा दिसायलाय. उद्यापासून फर्स्ट शिफ्ट, म्हणजे आता आठ दिवस ट्रे कपाटावरच. चिठ्ठी टाकून ठेवलीय: काच, उजवी बाजू आतून, टूथपेस्ट, मग धुणे, *ग्लू नाही*. पोरीनं त्याच्याखाली खडूनं एक विमान काढलंय, त्याला चार पंख आहेत.



बार्शीलाईट_७६२

तिला कागद कापायला येतो का? गोल टोकाची कात्री द्या. मला चौथ्या डब्याच्या खिडक्या कापायला माणूस पाहिजेच आहे.